चार सिमचा रिचार्ज किसान सन्मानच्या पैशांपेक्षा जास्त. फोन घेणं परवडतं, चालवणं परवडतं का?

अलिबाग (वार्ताहर) : सुरुवातीलाच एक हिशेब मांडतो. घरात चार माणसं, चार फोन. प्रत्येक फोनला २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा २९९ रुपयांचा रिचार्ज. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. त्यामुळे वर्षात असे रिचार्ज बारा नाही, तेरा मारावे लागतात. २९९ गुणिले १३ म्हणजे एका सिमचे झाले ३,८८७ रुपये. चार सिमचे १५,५४८.

आता दुसरी बाजू बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००. दोन्ही मिळून शेतकरी कुटुंबाच्या खात्यात येतात १२,००० रुपये. म्हणजे केंद्राने आणि राज्याने मिळून जे दिलं ते सगळं रिचार्जला गेलं, आणि वर घरातले साडेतीन हजार घालावे लागले. हे साडेतीन हजार काढायला कार्लेखिंडीत पांढऱ्या कांद्याच्या किती माळा विकायला लागतात, तो भागाकार आपल्या बागायतदारांनी आपापला करावा.

किसान सन्मानचा हप्ता कधी येणार यावर आपल्याकडे दर चार महिन्यांनी चर्चा होते. हप्ता दोन दिवस लांबला तरी ग्रुपवर मेसेज सुरू होतात. रिचार्जचा हप्ता मात्र दर २८ दिवसांनी बिनबोभाट जातो. त्याची बातमी होत नाही, घरात चर्चाही होत नाही. म्हणून हा विषय घेतला.

नाक्यावरची मतं

फोनच्या खर्चाबद्दल आपल्या तालुक्यात साधारण तीन मतं ऐकायला मिळतात.

पहिलं मत वडीलधाऱ्यांचं. फोनने घर बुडवलं, पोरं कामाची राहिली नाहीत, पूर्वी कांद्याचे पैसे आले की पोस्टात जायचे, आता मोबाईलच्या दुकानात जातात.

दुसरं मत तरुण पोरांचं. फोनमुळे खर्च होत नाही, उलट वाचतो. घरबसल्या सातबारा निघतो, बिल भरता येतं, पैसे पाठवता येतात. अलिबागची एक फेरी वाचली तरी रिचार्ज वसूल.

तिसरं मत नाक्यावर ऐकू येत नाही, ते बचत गटाच्या बैठकीत ऐकू येतं. घरात फोन चार आहेत, पण माझं काम पडलं की माझ्या हातात एकही नसतो, असं बायका सांगतात.

तिन्ही मतांत तथ्य आहे. मी शेती करतो आणि बातम्याही पाठवतो. फोनशिवाय माझा अर्धा दिवस चालत नाही. त्यामुळे फोन वाईट आहे असं सांगायचा इथे हेतू नाही. पण आपण चुकीच्या ठिकाणी काटकसर करतोय, हे मात्र सांगायचं आहे. दुकानात फोन घेताना पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो, आणि रिचार्जला न विचारता ‘नेहमीचा मार’ म्हणतो. फोन एकदाच घ्यायचा असतो. रिचार्ज वर्षातून तेरा वेळा.

फुकटपासून २९९ पर्यंत

हे कसं झालं ते थोडक्यात आठवू. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. मार्च २०१७ पर्यंत बोलणं आणि नेट, दोन्ही फुकट होतं. त्याआधी आपण एक जीबीसाठी अडीचशेच्या आसपास मोजायचो आणि ती महिनाभर पुरवायचो. फुकटात सवय लागली, मग दर सुरू झाले, आणि बाकीच्या काही कंपन्या बंद पडल्या, काही एकमेकांत मिसळल्या. आता खासगी कंपन्या तीन उरल्या, चौथी सरकारी बीएसएनएल.

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा २३९ चा प्लान २९९ ला गेला. म्हणजे एका झटक्यात २५ टक्के वाढ. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेलने २४९ रुपयांचा रोज एक जीबीचा प्लानही ऑनलाइन यादीतून काढला. त्यामुळे २८ दिवस रोजचं नेट हवं असेल तर पायरी थेट २९९ ची झाली.

या २९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. म्हणजे साधारण साडेपंचेचाळीस रुपये सरकारला जातात. चार सिमच्या १५,५४८ मधले जवळपास २,३७० रुपये कर आहे. किसान सन्मानच्या एका २,००० च्या हप्त्यापेक्षा जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरपासून साबणापर्यंत जीएसटी कमी झाला, पण मोबाईल आणि रिचार्ज १८ टक्क्यांवरच राहिले.

२०२४ च्या वाढीनंतर बीएसएनएलने दर वाढवले नव्हते, म्हणून देशभरात लाखो लोकांनी नंबर तिकडे पोर्ट केला. नंतर तो ओघ कमी झाला, कारण स्वस्त सिमला रेंजही लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या ९७,५०० स्वदेशी फोर-जी टॉवरचं उद्घाटन झालं. आपल्या गावात त्यातली रेंज येते का, हे जाहिरातीवरून नाही, शेजाऱ्याच्या फोनवरून तपासायचं. घरात येते का, शेतावर येते का, दोन्ही बघायचं.

२८ दिवसांची मेख आणि दोन पळवाटा

२८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात एक रिचार्ज जास्त. याबद्दल तक्रारी झाल्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लान ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवायचा. असे प्लान आहेत. पण आपण विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगत नाही.

पहिली पळवाट ८४ दिवसांची. जिओचा रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लान ७९९ चा. असे चार मारले तर ३३६ दिवस निघतात, ३,१९६ रुपयांत. वर एक २८ दिवसांचा २९९ चा. झाले ३६४ दिवस, ३,४९५ रुपये. तेच तेरा वेळा २९९ मारले तर ३,८८७. तेवढंच नेट, तेवढंच बोलणं, आणि ३९२ रुपये कमी. अडचण एकच, एकदम आठशे रुपये काढावे लागतात. मजुरीवरच्या घराला ते जड जातात. गरिबाला जास्त दराने घ्यावं लागतं ते इथे असं. किराणा दुकानात पाव किलो तेल घेणाऱ्याला किलोचा भाव मिळत नाही, तसंच.

दुसरी पळवाट जास्त महत्त्वाची, आणि ती बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. ज्याला नेट नको, फक्त बोलायचं आहे, त्याच्या गळ्यात नेटचे पैसे का मारता, हा प्रश्न ट्रायकडे गेला होता. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लान देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. मुदतही ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये असे प्लान बाजारात आले. एअरटेल : ८४ दिवस ४६९ रुपये, वर्षभर १,८४९. जिओ : ८४ दिवस ४४८ रुपये, ३३६ दिवस १,७४८. व्होडाफोन-आयडिया : ८४ दिवस ४७० रुपये, वर्षभर १,८४९. (हे दर २०२५ मधले आहेत. मारायच्या आधी दुकानात किंवा कंपनीच्या ॲपवर आजचा दर बघून घ्या.)

वर्षाला १,८४९ म्हणजे महिन्याला साधारण १५४ रुपये. घरात आजी-आजोबा असतील, बटणाचा फोन वापरत असतील, आणि त्यांना २९९ चा रिचार्ज मारला जात असेल, तर वर्षाला २,०३८ रुपये नुसते वाया जातात. दीड जीबी रोज येते, रात्री बारा वाजता संपते, आजीला पत्ताही नसतो.

आता पुन्हा चार सिमचं घर घ्या. तीन फोनला ८४ दिवसांचा हिशेब लावला तर १०,४८५ रुपये. आजीला फक्त बोलण्याचा, १,८४९. एकूण १२,३३४. पहिल्या १५,५४८ मधून वाचले ३,२१४ रुपये. कोणाचा फोन बंद केला नाही, कोणाचं नेट कमी केलं नाही, तरी एवढे वाचले.

खोटी काटकसर : नंबर मरू देणं

पैसे कमी करायचे म्हणून काही घरांत आजीचा किंवा आईचा रिचार्जच मारत नाहीत. फोन कपाटात पडून राहतो. ही काटकसर महागात पडते.

कारण आता मोबाईल नंबर नुसता बोलण्यासाठी राहिलेला नाही. आधारला तोच जोडलेला, बँकेला तोच, गॅस सिलिंडरला तोच. सलग ९० दिवस सिम वापरात नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा याचा सगळ्यांना अनुभव आला. योजना महिला व बालविकास खात्याची, मंत्री आपल्याच रायगडच्या आदिती तटकरे. ई-केवायसीला लाभार्थी महिलेच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी येणार. ज्यांचा आधारचा नंबर जुना, बंद पडलेला, त्यांना आधी आधार केंद्र गाठून नंबर बदलायला लागला. त्याचे ७५ रुपये, जाण्यायेण्याचं भाडं, रांगेत गेलेला दिवस, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. महिन्याला दीड हजारांचा लाभ दीडशे रुपयांच्या रिचार्जवर अडलेला.

म्हणून पहिला नियम असा. आधार आणि बँकेला जोडलेला नंबर कधीही मरू द्यायचा नाही. त्याला स्वस्तातला बोलण्याचा प्लान ठेवा, पण चालू ठेवा. दुसरा नंबर घेतला असेल तर आधी आधारला आणि बँकेत बदलून घ्या, मग जुना सोडा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. खर्च कमी करायची वेळ आली की घरात पहिला वार बाईच्या नेटवर होतो. हे उलटं आहे. पोरांच्या शाळेचा ग्रुप तिच्या फोनवर, बचत गटाचा हिशेब तिच्या फोनवर, योजनांचे मेसेज तिच्या फोनवर. कमीच करायचं असेल तर रात्री दोन-दोन तास रील बघणारा फोन कुणाचा आहे, ते आधी बघा.

फोनने खरंच पैसे कुठे वाचतात

पोरांचं म्हणणं खोटं नाही. पण वाचतं ते ठरावीक कामांत.

सातबारा. महाभूलेखच्या साइटवर सातबारा नुसता बघायला पैसे नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. रामराजकडच्या किंवा रेवदंड्याकडच्या माणसाला एका उताऱ्यासाठी अलिबागला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस. इथे फोन सरळ फायद्यात.

ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपवर करायची पद्धत आली. भात काढून कांदा-वाल लावला की रब्बीची नोंद करायलाच हवी. नोंद नसेल तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी धावाधाव होते. पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतावर कांदा आहे हे कागदावर आपल्यालाच दाखवावं लागतं. डोंगराकडच्या वाड्यांवर रेंज नसते, शेताच्या जागेवर उभं राहून फोटो काढायचा असतो, ॲप कधी कधी अडकतं, हे खरं आहे. शेवटच्या दिवसावर ठेवू नका एवढंच.

यूपीआय. पैसे पाठवणाऱ्याला चार्ज नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारा पाहुणा खिशात सुट्टे ठेवत नाही. कांद्याची माळ असो, सुकी मासळी असो, शहाळं असो, क्यूआर कोड लावला नाही तर तो पुढच्या टपरीवर जातो. विकणाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. बोलणाऱ्या स्पीकर-डब्याला बहुतेक ठिकाणी दरमहा भाडं असतं, धंदा थोडा असेल तर ते परवडतं का बघा. आणि डबा नसेल तर गिऱ्हाईकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे आहेत. आपल्या फोनवर मेसेज आला, किंवा आपल्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच माल द्या.

बटणाच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, नेट लागत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं ते त्यासाठीच. केवळ पैसे पाठवण्यासाठी आजोबांना दहा हजारांचा फोन घ्यायची गरज नाही.

समुद्र आणि हवामान. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासळी कुठल्या पट्ट्यात मिळण्याची शक्यता आहे याची माहिती फुकट देते, लाटांचा आणि वादळाचा इशाराही देते. डिझेल जाळून समुद्रात शोधत फिरण्यापेक्षा ही माहिती बघून निघालेलं बरं. शेतकऱ्यांना वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे. परतीच्या पावसात भात कापणीला शेतावर असताना त्याचा उपयोग होतो. पैसे लागत नाहीत.

डॉक्टर. सरकारच्या ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. जीवावरचं दुखणं असेल तर दवाखानाच गाठायचा, पण जुन्या दुखण्याच्या सल्ल्यासाठी एक फेरी वाचते.

वीजबिल. महावितरणला कागदी बिल नको, ईमेलवर पाठवा असं कळवलं तर सूट मिळते. वर्षाचे १२० रुपये. थोडेच आहेत, पण काही न करता मिळतात.

या सगळ्या कामांना नेट किती लागतं? अगदी थोडं. यातलं एकही काम रोज दीड जीबी खात नाही. दीड जीबी खातात ते व्हिडिओ. हे लक्षात आलं की घरातल्या प्रत्येकाला वेगळं रोजचं नेट लागतंच का, हा प्रश्न आपोआप पडतो. एका फोनचं हॉटस्पॉट लावून दुसऱ्या फोनवर सातबारा निघतोच. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, व्हिडिओ कमी क्वालिटीवर बघितला, तर डेटा संपला म्हणून वरचा टॉप-अप मारायची वेळ येत नाही.

पैसे गळतात कुठे

रिचार्जचा खर्च निदान दिसतो. न दिसणारा खर्च वेगळाच आहे.

हप्त्यावरचा फोन. ‘शून्य टक्के व्याज’ असा बोर्ड प्रत्येक दुकानात आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने लावलेलं असतं. प्रोसेसिंग फी असते, रोखीवरची सूट मिळत नाही, हप्ता चुकला की दंड. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, रोख दिले तर कितीला देणार? दोन आकड्यांतला फरक हेच तुमचं व्याज. आणि फोन जुना झाला म्हणून लगेच बदलू नका. चार्जिंग टिकत नाही म्हणून नवीन घेतलेल्या कितीतरी फोनला नुसती बॅटरी बदलून चाललं असतं.

ऑटोपे. एक रुपयात सात दिवस बघा म्हणून पोराने सिनेमाचं ॲप घेतलं, आठव्या दिवसापासून दरमहा पैसे कापले जातात. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ नावाचा भाग असतो. आज संध्याकाळी तो उघडून बघा. नको असलेलं तिथेच रद्द होतं.

रिचार्जवरचं शुल्क. काही पेमेंट ॲप रिचार्जवर वरचे दोन-चार रुपये घेतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ते बहुधा लागत नाहीत.

पैशाचे खेळ. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. तरी लिंक फिरतात. बंदी असलेल्या खेळात पैसे अडकले तर मागायचे कोणाकडे, हा विचार तरुणांनी करावा.

आणि सगळ्यात मोठं भगदाड, फसवणूक. वर्षभर काटकसर करून वाचवलेले तीन हजार एका लिंकवर जातात, सोबत खात्यातली बाकीही. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. अशी फाइल उघडायची नाही. कुठलीही सरकारी योजना व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही. पैसे गेलेच तर लाजायचं नाही, ताबडतोब १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी साइटवरून तो बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथे कळतं. घरातली कोणती सिम कोणाच्या नावावर आहेत हे एकदा बघाच.

निसर्ग वादळ विसरू नका

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं पडली, खांब पडले, वीज गेली, टॉवर बंद. कितीतरी गावांत अनेक दिवस फोन लागत नव्हता. तेव्हा यूपीआय आत्ताएवढं घराघरात पोचलेलं नव्हतं. आज तसं वादळ आलं तर खात्यात पैसे असून किराणा मिळणार नाही.

म्हणून फोनवर सगळं असलं तरी घरात थोडी रोकड, आणि महत्त्वाचे नंबर वहीत लिहिलेले असावेत. सातबाऱ्याची, पासबुकाची, रेशनकार्डाची एकेक कागदी प्रत पिशवीत असावी. जुन्या माणसांची ही सवय जुनाट नाही, आपल्या किनाऱ्याला ती लागतेच.

कंपन्या, सरकार आणि आपण

सगळा भार घरावर टाकूनही चालणार नाही. सरकारने प्रत्येक योजना ओटीपीला बांधली, मग नंबर चालू ठेवण्यापुरता स्वस्त रिचार्ज मिळणं हा लोकांचा हक्क समजायला हवा. फक्त बोलण्याचा प्लान आहे हे दुकानाच्या बोर्डावर ठळक लिहिलेलं असावं. मासेमारी बंदीचे १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस कोळीवाड्यात कमाई नसते, रिचार्ज मात्र दोनदा येतो. अशा काळाचा विचार कुठल्याच प्लानमध्ये नाही. ग्रामसभेत रस्ता-पाण्यावर बोलतो तसं रेंजवर आणि या दरांवरही बोललं पाहिजे.

आपल्या तालुक्याला हिशेब मागायची सवय आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसायला नकार दिला. उपाशी राहिले, पण पिकवणाऱ्याच्या पदरात किती पडतं हा प्रश्न सोडला नाही. रिचार्जची आणि खोतीची बरोबरी करायची नाही, पोट मारून लढलेल्यांचा तो अपमान होईल. पण ज्यांच्या आजोबांनी खोताला हिशेब विचारला, त्यांनी मोबाईलच्या दुकानात एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

या आठवड्यात करायची कामं

एक. घरातल्या सगळ्या सिमची यादी वहीत लिहा. कुणाचं, किती दिवसांनी, किती रुपये.

दोन. त्यातल्या कोणाला नेट लागत नाही ते ठरवा, त्याला फक्त बोलण्याचा प्लान मारा.

तीन. नेट लागणाऱ्यांना पैसे हातात असतील तेव्हा ८४ दिवसांचा मारा. कांदा विकल्यावर, मासळीचे पैसे आल्यावर, किंवा बचत गटातून घेऊन.

चार. आधार आणि बँकेला कोणता नंबर आहे तो तपासा. तो चालू आहे ना बघा.

पाच. ऑटोपे उघडून नको ते रद्द करा.

सहा. १९३० हा नंबर घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करून घ्या, आजीलासुद्धा.

एवढं करायला एक संध्याकाळ पुरते. वाचलेले तीन हजार कशाला वापरायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. मुलीच्या परीक्षेची फी आहे, कांद्याचं बी आहे, जाळ्याची दुरुस्ती आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की ‘नेहमीचा मार’ म्हणण्याआधी एवढं विचारा : याच्यापेक्षा स्वस्त, जास्त दिवसांचा कोणता आहे?